स्पर्शाविना निदान

देवीच्या रोगाचा इतिहास आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिला गेला. एक सरकारी : किती टोचले, किती मेले. दुसरा श्रद्धेचा : देवी आली, कोपली, गेली. गावकुसाबाहेरच्या माणसाचे अंग या दोन्हींत कोठेच नाही. वास्तविक हा रोग अंगावरच वाचावा लागे. मग ज्याच्या अंगाला हात लावणे निषिद्ध, त्याचा रोग वाचायचा कोणी?

नांदेड-लातूरचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. पटकी आली की मरीआई, फोड उठले की शितळा, ही येथली भाषा. रोगाचे नावच देवी. देवी म्हटले की निदानाची गरज संपते. उरतो तो फक्त नवस. आणि पोतराजाचा आसूड पडतो तोही आपल्याच पाठीवर.

प्रौढ माणसाच्या सर्वांगावर फोड उठले, तर डॉक्टरपुढचा पहिला प्रश्न असे : देवी की कांजिण्या? देवीत दोन ते चार दिवस आधी सडकून ताप येई. मग चेहरा, हात, पाय यांवर दाट फोड येत. तळहात-तळपायही सुटत नसत. एका भागातले फोड एकाच अवस्थेत असत, खोल रुतलेले, बोटाला छर्ऱ्यासारखे टणक लागणारे. कांजिण्यांचे फोड वरवरचे, छाती-पाठीवर दाट. काही नवे, तर काहींवर खपली धरलेली. मुलांना सौम्य जाणाऱ्या कांजिण्या मोठ्या माणसाला मात्र जबर येतात, म्हणून घोटाळा होई. त्यातून सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. तेव्हा तळहात उलटून पाहणे, तळवा हातात घेणे, फोड दाबणे आलेच. स्पर्श टाळून हे निदान कसे व्हावे?

बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत १९२९ सालची काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. बाळंतीण पत्नी आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. तिलाच वस्तीबाहेर आणावे लागले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने तिच्या. न शिवता न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे डॉक्टर फिरकला नाही आणि ती बाई मेली. डॉक्टरची विद्या खोटी नव्हती. तिच्यावर जातीचा पहारा होता.

लसीची कथाही हीच. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली गेली. पुढे अनेक वर्षे लस एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जाई. तेव्हा खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाच्या दंडातली लस आपल्या मुलाला नको, अशी सवर्णांची हरकत असे. मरण चालेल, विटाळ चालणार नाही!

१९६२ साली देशात देवी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. तरीही १९७४ मध्ये १,८८,००० रोगी नोंदले गेले. सर्वांत मोठा तडाखा बिहारला बसला. मग रोग्याचे चित्र असलेले कार्ड दाखवीत कार्यकर्ते घरोघर फिरले. रोगी दाखवणाऱ्याला देऊ केलेले बक्षीस १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात भारतातला अखेरचा रोगी सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. एकही झोपडी सुटली तर रोग पुन्हा गावात शिरणार होता. शासनाला दारोदार आणले ते या भीतीने. समतेच्या मूल्याने आणले, असे म्हणण्याइतके आपण भोळे नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या माणसांच्या दंडावर त्या लसीचा वण अजून आहे. विद्यार्थी मित्रांनो, तो वण हे आपले दप्तर आहे. वस्तीत जा आणि विचारा : टोचणारा कोठे उभा होता? त्याने दंड हातात धरला होता का? मिळेल ते उत्तर लिहून ठेवा. ही माणसे गेल्यावर ते सांगणारे कोणी उरणार नाही.