मचाणाखालची जमीन

शिकारकथा हा साहित्यप्रकार धाडसाचा मानला जातो. मात्र या कथा थोड्या चिकाटीने वाचल्या की ध्यानात येते, त्यांतील बरीचशी पाने धाडसाची नसून खबरदारीची आहेत. झाड कोणते निवडावे, किती उंच बसावे, दोर कुठे आवळावा, बंदूक वर कशी घ्यावी, रात्री लघवीला जायचे झाल्यास काय करावे (याबद्दल साहेब मंडळी फार संकोचाने लिहितात) आणि मुख्य म्हणजे खाली केव्हा उतरावे. वाघ प्रत्यक्ष दिसतो तो शेवटच्या दोन परिच्छेदांत. त्याआधीचा सारा मजकूर मचाणाचा असतो.

'मचाण' हा शब्द संस्कृत 'मंच'च्या कुळातला. गादीची माची, गडाची माची आणि रानातले मचाण ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत. आपल्याकडे शेतातल्या अशा उंच बैठकीला 'माळा' म्हणतात. ज्वारी भरात आली की राखणदार चार खांबांच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, रात्री तिथेच पडून डुकरांना हाकलतो. शिकारी साहेबाचे मचाण हे या माळ्याचेच रानातले रूप होय. फांदीची ताकद ओळखणे, वेलींनी आणि सुंभाने लाकूड बांधणे, बाज झाडावर चढवून तिचे चार पाय फांद्यांच्या बेचक्यांत घट्ट बसवणे, ही विद्या गावकऱ्यांची होती. एकोणिसाव्या शतकापासून मध्य प्रांतात आणि कुमाऊँत आलेल्या अधिकाऱ्यांनी ती वापरली आणि पुढे पुस्तकांत नोंदवली. नोंदवताना बांधणाऱ्यांची नावे मात्र क्वचितच टिकली. 'माझ्या माणसांनी मचाण बांधले' या एका वाक्यात ती सगळी माणसे मावतात.

त्या विद्येचे नियम मोठे शहाणे आहेत. साधारण बारा ते वीस फूट उंची पुरते. त्याहून खाली बसले तर वाघाची झेप पोहोचण्याचे भय, आणि फार वर गेले तर नेमाचा कोन बिघडतो. वाघ जड असल्याने सहसा झाडावर चढत नाही. बिबळ्या मात्र सहज चढतो, म्हणून बिबळ्यासाठी बसताना उंचीचा भरवसा धरता येत नाही. खोडाला काटे बांधावे लागतात. दुपार टळण्याआधी बैठक घ्यायची. सोबत आलेल्या माणसांनी परत जाताना मोठमोठ्याने बोलत जायचे, म्हणजे सगळे गेले असे रानाला वाटते. बंदूक रिकामी करून दोराने वर ओढायची. डास चावला तरी हात हलवायचा नाही, खोकला दाबायचा, आणि गोळी झाडल्यावर जनावर पडलेले दिसले तरी उजाडेपर्यंत जमिनीवर पाय टेकवायचा नाही. या शेवटच्या नियमावर शिकारसाहित्याचे अर्धे नाट्य उभे आहे, कारण तो मोडणारे पुष्कळ होते.

जिम कॉर्बेट या बाबतीत विशेष वाचनीय आहे, तो त्याच्या प्रामाणिकपणामुळे. त्याला नीटस मचाणाची फारशी आवड नव्हती. अनेकदा तो नुसत्या फांदीवर बसे. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यासाठी त्याने झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री काढल्या. त्या रात्रींचे त्याचे वर्णन बिबळ्यापेक्षा वाऱ्याचे अधिक आहे. हिमशिखरांकडून येणारा वारा माणसाला खालच्या खडकांवर फेकून देईल अशी अवस्था, आणि धरायला जवळजवळ काही नाही. बिबळ्या त्या वीस रात्रींत पुलावर आलाच नाही. पुढे 1926 च्या मे महिन्याच्या आरंभी गुलाबराय येथील आंब्याच्या झाडावरून त्याने तो मारला. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी होती. गोळी सुटल्यावर काय झाले ते अंधारात कळेना. यात्रेकरूंची ती वाट आठ वर्षे ज्याच्या दहशतीखाली होती, तो मेला की जखमी झाला हे ठाऊक नसताना कॉर्बेट झाडावरच थांबला. या थांबण्यात मला त्याचे शिकारीपण बंदुकीपेक्षा जास्त दिसते.

तरी मचाणाचा खरा अर्थ उलगडतो तो पनारच्या बिबळ्याच्या कथेत. ही घटना 1910 ची. ती पुस्तकात आली 1954 मध्ये, म्हणजे कॉर्बेटच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. पनार खोऱ्यातील या बिबळ्याच्या नावावर चारशे माणसांचे बळी लावले जात. कॉर्बेट एका कललेल्या जुन्या ओकच्या झाडावर बसला. झाड बसायला सोयीचे होते आणि त्याच कारणाने बिबळ्यालाही चढायला सोयीचे. म्हणून त्याने काटेरी फांद्यांचे भारे खोडाशी घट्ट बांधून घेतले. अंधार पडल्यावर बिबळ्या आला तो बांधलेल्या बकरीकडे नव्हे, झाडावर बसलेल्या माणसाकडे. त्याने काट्यांची टोके दातांत धरून ओढायला सुरुवात केली. वर बसलेल्याला दिसत काही नाही. फक्त पाठीमागचे भारे हिसके खाताहेत आणि गुरगुर ऐकू येते आहे. जगातल्या शिकारसाहित्यात सुरक्षेच्या साधनाचे इतके थेट वर्णन क्वचितच असेल. वरच्या माणसाचे आयुष्य दोराच्या गाठींवर टांगलेले आहे, आणि त्या गाठी टिकतात.

कथा इथे संपत नाही. बिबळ्या अखेर बकरीकडे वळतो, गोळी लागते, आणि तो जखमी होऊन काळोखात जातो. ठरल्याप्रमाणे गावातली माणसे जळत्या मशाली घेऊन येतात. कॉर्बेट झाडावरून उतरतो आणि त्यांना घेऊन जखमी बिबळ्याच्या मागावर जातो. उजाडेपर्यंत न उतरण्याचा नियम त्याने मोडला आहे, आणि मोडताना त्याच्या हाती बंदूक आहे, बाकीच्यांच्या हाती मशाली. काही झाले तरी पळायचे नाही, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. बिबळ्या चालून येतो तेव्हा ती पळतात, एकमेकांवर आदळतात, आणि जमिनीवर पडलेल्या जळत्या लाकडांच्या उजेडात कॉर्बेट अखेरची गोळी झाडतो. आपण वाचक म्हणून त्या पळण्याकडे थोडे हसून पाहतो, कारण निवेदन आपल्याला बंदुकीच्या बाजूला उभे करते. वास्तविक त्या रात्री सर्वांत शहाणपणाची कृती तीच होती.

निवेदनाचा दृष्टिकोन शिकवताना कादंबरीचे दाखले दिले जातात. एखाद्या तासाला मचाण घेऊन पाहावे. मचाण ही पाहण्याची जागा आहे आणि न दिसण्याचीही. तिथून खालचे रान एक रंगमंच होते, आणि त्या रंगमंचावरची माणसे पात्रे नसून नेपथ्य होतात. हाक्याच्या शिकारीत हे सर्वांत उघड दिसते. रान उठवायला शेकडो माणसे ढोल-डबे वाजवत पायी चालत येणार, वाघ त्यांच्यापुढे धावणार, आणि सुरक्षित उंचीवरचा नेमबाज वाट पाहणार. हाक्याच्या रेषेवर वाघ उलटला तर त्याच्यासमोर काठीवाला माणूस असे. मेवाडच्या राजांनी तर शिकारीसाठी दगडी 'ओद्या' बांधून घेतल्या. तिथे फांदी मोडण्याचा प्रश्नही उरला नाही. उंची जितकी पक्की होत गेली, तितका धोका खाली साचत गेला.

कॉर्बेटला हे कळत नव्हते असे नाही. खालच्या माणसांवर त्याने 'माय इंडिया' हे अख्खे पुस्तक लिहिले (1952). पण शिकारकथेचा घाटच असा की, ती माणसे त्यात मशालीएवढीच मावतात.

मचाणावरच्या धोक्याची दुसरी, अगदी गद्य बाजू आज अमेरिकेत पाहायला मिळते. तिथे हरणाच्या शिकारीसाठी झाडाच्या खोडाला अडकवायच्या धातूच्या तयार बैठका मिळतात. हरीण काही वर चढत नाही. तिथला शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण. तिथल्या शिकार-शिक्षणाचा भर पडण्यावर असतो, आणि पडणे बहुधा चढता-उतरताना किंवा शिडीवरून बैठकीवर पाऊल टाकताना होते. पूर्वी कमरेला किंवा छातीला एकच पट्टा बांधत. पडल्यावर तोच पट्टा माणसाला आवळून गुदमरवतो, हे लक्षात आल्यावर मांड्या-खांद्यांसह सर्व अंगाला पेलणारा साज आग्रहाने सांगितला जाऊ लागला. जमीन सोडण्यापूर्वीच तो दोराला जोडायचा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन सदैव टेकलेले हवेत. साजात फार वेळ लोंबकळणेही घातक, म्हणून पाय ठेवायला फास जवळ बाळगायचा. आणि बंदूक? रिकामी करून, दोराने वर ओढायची. कुमाऊँमधल्या अनाम बांधणाऱ्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटले असते. फरक इतकाच की अमेरिकन शिकारी एकटा असतो. त्याच्या धोक्याचे ओझे वाहायला खाली दुसरे कोणी नाही, म्हणून त्याच्या पुस्तिकेत सगळे नियम त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी आहेत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार संपवली, मचाण राहिले. बुद्ध पौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर बसून जनावरे मोजण्याची रीत महाराष्ट्रातल्या जंगलांत रुजली. वाघांची शास्त्रीय मोजणी आता झाडाला बांधलेले कॅमेरे करतात. तारेला पाय लागताच प्रकाश पाडून वाघाचे छायाचित्र घेण्याचा उद्योग एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकातच केला होता. तरीही लोक पौर्णिमेला मचाणावर बसतातच. व्यंकटेश माडगूळकर आधी शिकारी होते, पुढे त्यांनी बंदुकीशिवायचे 'नागझिरा' लिहिले. मारुती चितमपल्लींचे लेखन वनखात्याच्या नोकरीत पायी फिरण्यातून आले. मराठी रानसाहित्याची नजर अशी बरीचशी जमिनीवर उतरली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण शहरातून जाणाऱ्या वाचकाची रानाशी ओळख अजून मचाणावरून आणि उघड्या जीपमधून होते, म्हणजे उंचीवरूनच.

त्याच रानात चंद्रपूर जिल्ह्यातली माणसे मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला पहाटे वाकून चालत जातात. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसतो, असे जाणकार सांगतात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने आणायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. बुद्ध पौर्णिमा दोन दिवसांवर होती.