आडनावात दडलेली माहिती

कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव-आडनाव लिहिताना आम्ही क्वचितच थबकतो. वास्तविक आपल्याकडे आडनाव उच्चारताच जातीचा तर्क सुरू होतो. भाड्याने घर शोधणाऱ्यांना हे सांगायला नकोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११च्या नियमांत 'संवेदनशील' माहिती म्हणून पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य इत्यादी नोंदले होते, जात नव्हती. २०१८मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्याने जात-जमातीचा त्यात समावेश केला. २०२३च्या कायद्याने मात्र 'संवेदनशील' हा वर्गच ठेवला नाही. जिच्यावरून व्यक्ती ओळखता येते ती सारी माहिती वैयक्तिक, अशी व्याख्या केली. व्याख्या व्यापक खरी. पण मोबाइल क्रमांक आणि जात एकाच तागडीत, हे आम्हांला खटकते. शिवाय कायदा डिजिटल माहितीपुरताच. संगणकात न उतरलेली फाटकावरची वही त्याच्या कक्षेबाहेरच.