ताशी मैल

ताशी मैल : वेग मोजण्याचे एक एकक. एखादी वस्तू एकाच वेगाने एक तास चालत राहिली, तर ती जितके मैल अंतर कापील तितके ताशी मैल तिचा वेग आहे, असे म्हणतात. वस्तूने प्रत्यक्षात तासभर चालले पाहिजे किंवा मैलभर तरी अंतर कापले पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. ताशी ६० मैल वेगाने जाणारी मोटार दर सेकंदास ८८ फुट पुढे सरकते. ती दहाच सेकंद चालली, तरी त्या दहा सेकंदांपुरता तिचा वेग ताशी ६० मैलच असतो. हे एकक ब्रिटनमध्ये रूढ झाले व तेथून ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदेशांत आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरले. १ जुलै १९५९ पासून इंग्रजी भाषक देशांनी यार्डाची लांबी ०·९१४४ मी. अशी निश्चित केल्यामुळे १ मैल = १·६०९३४४ किमी. झाला, त्यानुसार ताशी १ मैल म्हणजे ताशी १·६०९३४४ किमी. किंवा दर सेकंदास ०·४४७०४ मी. होय. फुटांत तोच वेग दर सेकंदास २२/१५ फुट येतो.

मैल व तास : या एककातील दोन्ही घटक जुने असले, तरी त्यांना आजचा निश्चित अर्थ बऱ्याच उशिरा आला. रोमन मैल म्हणजे एक हजार दुहेरी पावले, अर्थात ५,००० रोमन फुट. आजच्या मापाने सु. १,४८० मी. इंग्लंडमध्ये हा पाच हजार फुटांचा मैल व शेतजमीन मोजण्याचा फर्लांग या दोहोंचा मेळ बसत नव्हता. फर्लांग म्हणजे नांगराने एका दमात काढलेल्या तासाची लांबी. जमिनीचे सर्व हक्क फर्लांगावर आधारलेले असल्याने तो बदलणे शक्य नव्हते; म्हणून मैल बदलला. १५९३ च्या कायद्याने ८ फर्लांगांचा, म्हणजे ५,२८० फुटांचा मैल ठरविण्यात आला. गंमत अशी, की हा कायदा मापांविषयीचा नव्हताच. लंडनच्या वेशीपासून तीन मैलांच्या आत नवी घरे बांधण्यास मनाई करण्यासाठी तो केलेला होता आणि तीन मैल म्हणजे नेमके किती, हे सांगणे भाग पडल्यामुळे मैलाची व्याख्या त्यात आली. आयर्लंडमध्ये २,२४० यार्डांचा वेगळाच मैल त्यानंतरही दीर्घकाळ चालू होता.

तासाची गोष्टही अशीच आहे. यांत्रिक घड्याळे येईपर्यंत यूरोपात दिवसाचे बारा व रात्रीचे बारा भाग पाडीत. त्यामुळे लंडनमध्ये उन्हाळ्यातील दिवसाचा तास सु. ८० मिनिटांचा, तर हिवाळ्यातील सु. ४० मिनिटांचा होई. अशा तासावर वेगाचे एकक उभारता येत नाही. चौदाव्या शतकापासून नगरांतील मनोऱ्यांवर घड्याळे बसू लागली आणि समान लांबीचा तास व्यवहारात आला. मराठीत तास या शब्दाला नांगराच्या चराप्रमाणेच वेळेचे ठोके देण्याची धातूची थाळी असाही अर्थ आहे. घटका व प्रहर यांनी वेळ मोजणाऱ्या महाराष्ट्रात प्रवासाची गती मात्र मजलांत सांगत; रोजची मजल किती कोसांची, एवढे सांगितले की जासूद केव्हा पोहोचेल हे समजे. त्याहून बारीक मापाची गरज भासत नव्हती.

कल्पनेतील अडचण : अंतराला काळाने भागावे आणि येणाऱ्या संख्येस वेग म्हणावे, ही कृती आज शाळेतील मुलासही सहज वाटते, परंतु थोर गणितज्ञांना ती दीर्घकाळ अमान्य होती. ग्रीक परंपरेनुसार गुणोत्तर फक्त सजातीय राशींचे असू शकते. लांबीची तुलना लांबीशी व काळाची काळाशी करावी; मैलांना तासांनी भागणे हे धान्याच्या मापाला दिवसांनी भागण्यासारखेच निरर्थक मानले जाई. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विद्वानांनी एकसमान प्रवेगाच्या गतीविषयी महत्त्वाचा सिद्धांत मांडला. पण वेगाचे एकक त्यांनी बनविले नाही. गॅलिलीओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही एकसमान गतीचे नियम गुणोत्तरांच्या भाषेतच आहेत : काळ समान असल्यास वेगांचे गुणोत्तर अंतरांच्या गुणोत्तराइतके असते, इत्यादी. फ्रेंच गणितज्ञ द अलांबेर यांनी १७४३ मध्ये हा तिढा स्पष्टपणे मांडला. अवकाश व काळ या भिन्न जातीच्या गोष्टींची परस्परांशी तुलना होऊ शकत नाही. परंतु एक मैल व एक तास ही मापे एकदा ठरविली, म्हणजे भागाकार राशींचा न राहता त्या राशी दर्शविणाऱ्या संख्यांचा होतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. भारतीय ज्योतिषात ग्रहाची दिनगती कलांमध्ये सांगण्याची पद्धत पूर्वापार होती (सूर्याची मध्यम दिनगती ५९ कला ८ विकला). भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (११५०) दिवसभराच्या स्थूल गतीहून वेगळी अशी तात्कालिक गती मानली, ही या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मोटारीच्या वेगमापकावरील काटा दाखवितो तो वेग तात्कालिकच असतो.

वाऱ्याचे कोष्टक : शास्त्रीय लेखनातील ताशी मैलाचे एक लक्षणीय जुने उदाहरण जॉन स्मीटन (१७२४–९२) या इंग्रज अभियंत्याच्या १७५९ मधील निबंधात सापडते. पाणचक्क्या व पवनचक्क्या यांवरील या निबंधात रौज नावाच्या गृहस्थाने तयार केलेले वाऱ्याचे कोष्टक दिले आहे. पहिल्या रकान्यात ताशी मैल, दुसऱ्यात दर सेकंदास फुट, तिसऱ्यात एक चौरस फुट पृष्ठभागावर पडणारा दाब पौंडांत व शेवटी वाऱ्याचे लोकव्यवहारातील नाव, अशी त्याची मांडणी आहे. ताशी १ मैलाचा वारा जेमतेम जाणवणारा, तर ताशी १०० मैलांचा झाडे उपटणारा व घरे उडवून नेणारा. या कोष्टकातून निघणारा सु. ०·००५ हा गुणांक (ताशी मैलांच्या वर्गास त्याने गुणले, की दाब पौंडांत मिळतो) अभियंत्यांनी जवळजवळ दीडशे वर्षे वापरला. तो बराच मोठा होता. ग्लायडरांना अपेक्षित उत्थापन मिळेना, तेव्हा राइट बंधूंनी १९०१ मधील प्रयोगांवरून त्याचे मूल्य सु. ०·००३३ असल्याचे दाखविले.

टपालगाड्या ते आगगाड्या : २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामर याने ब्रिस्टल–लंडन टपालगाडी सुरू केली. सु. १२० मैलांचे हे अंतर तिने १६ तासांत तोडले. म्हणजे सरासरी ताशी साडेसात मैल. अशा गाड्यांवरील रखवालदारांना कुलूपबंद पेटीतील घड्याळे देत. वेळ चुकल्यास जाब द्यावा लागत असल्यामुळे वेग हा प्रथमच हिशेबाचा व शिस्तीचा विषय झाला.

रेल्वेने त्याला कराराचे रूप दिले. लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गासाठी एंजिन निवडताना ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे झालेल्या चाचण्यांत ताशी किमान १० मैलांची अट होती आणि ५०० पौंडांचे पारितोषिक होते. ‘रॉकेट’ने सरासरी ताशी १२ मैलांहून अधिक वेग राखला व मोकळे धावताना सु. २९ मैलांपर्यंत मजल मारली. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्गाच्या उद्‌घाटनप्रसंगी विल्यम हस्किसन हे संसदसदस्य ‘रॉकेट’खाली सापडले. त्यांना घेऊन ‘नॉर्दम्ब्रियन’ हे एंजिन १५ मैल २५ मिनिटांत, अर्थात ताशी ३६ मैलांच्या वेगाने गेले. हस्किसन वाचले नाहीत. परंतु माणूस इतक्या वेगाने जाऊ शकतो, ही वार्ता देशभर झाली. १८४४ च्या कायद्याने प्रत्येक मार्गावर मैलास एक पेनी भाड्याची, थांबे धरून ताशी किमान १२ मैल चालणारी रोज एक गाडी सक्तीची केली. येथे वेगाचा किमान आकडा गरीब उतारूंचा हक्क म्हणून कायद्यात आला, हे विसरता येत नाही.

१८४५ च्या कायद्यान्वये रुळांलगत दर पाव मैलास खांब उभारणे आवश्यक झाले आणि हाती घड्याळ असलेल्या कोणत्याही उतारूस गाडीचा वेग काढता येऊ लागला. दोन खांबांमधील अंतर किती सेकंदांत कापले ते पाहावे व ९०० ला त्या संख्येने भागावे. भागाकार हाच ताशी मैलांतील वेग. खांब न दिसल्यास रुळांच्या सांध्यांचे खटके मोजीत. रूळ ३० फुट लांबीचे असतील, तर साडेवीस सेकंदांत जितके खटके ऐकू येतील तितके ताशी मैल. या रीतीची मर्यादा ‘सिटी ऑफ ट्रूरो’ या एंजिनाच्या प्रसिद्ध वादात दिसते. ९ मे १९०४ रोजी चार्ल्स राउस-मार्टेन याने एक पाव मैल ८·८ सेकंदांत कापला गेल्याचे नोंदविले. त्यावरून ताशी १०२·३ मैल वेग येतो. परंतु सेकंदाचा पाचवा भाग दाखविणाऱ्या घड्याळात एकाच खुणेची चूक झाली असल्यास वेग ताशी १०० किंवा १०४·७ मैल भरतो, दोन खुणांची झाल्यास शंभराच्या खाली जातो. म्हणून नोंदयंत्र लावलेल्या डब्याच्या साक्षीने ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ने गाठलेला ताशी १०० मैलांचा वेगच वाफेच्या एंजिनाचा पहिला निर्विवाद शतकी वेग मानतात.

घड्याळे अचूक असली, तरी ती एकाच वेळेची हवीत. ब्रिस्टलची स्थानिक वेळ लंडनच्या सु. १० मिनिटे मागे असे. ११८ मैलांचे हे अंतर गाडीने ४ तासांत तोडले असे धरले, तर खरा सरासरी वेग ताशी २९·५ मैल होतो. परंतु दोन्ही शहरांतील घड्याळे पाहून हिशेब केल्यास लंडनकडे जाताना तो २८·३, तर परतताना ३०·८ भरतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लागू केली, त्यामागे असे घोटाळे होते.

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. २१ मैलांच्या या प्रवासास ५७ मिनिटे लागल्याचे बहुधा सांगतात. सव्वा तासाचाही उल्लेख आढळतो. पहिल्या आकड्यावरून सरासरी वेग ताशी सु. २२ मैल, दुसऱ्यावरून सु. १७ मैल येतो. सरासरी वेग सांगताना अंतर व काळ कोणते धरले, हे न सांगितल्यास तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही, हे यावरून कळून येईल.

रस्ते व कायदा : रस्त्यावर या एककाने कमाल मर्यादेचे काम केले. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने स्वयंचलित गाड्यांस गावाबाहेर ताशी ४ व गावात २ मैलांची मर्यादा घातली आणि पुढे ६० यार्डांवर लाल निशाण घेतलेला माणूस चालविण्याची सक्ती केली. म्हणजे गाडीने माणसाहून जलद जाऊच नये, असा तो दंडक होता. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर आर्नल्ड यास २ मैलांच्या हद्दीत ताशी ८ मैल वेगाने गेल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला. सायकलवरून पाठलाग करून पोलिसाने त्याला गाठले होते. त्याच वर्षी मर्यादा शिथिल होऊन १२ मैलांवर आली, १९०३ मध्ये ती २० मैल झाली. १९३० मध्ये मोटारींवरील मर्यादा पूर्णपणे काढून टाकण्यात आली, परंतु अपघातांमुळे मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा पुन्हा घालावी लागली.

मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांस पोलीस उभे करून घड्याळाने वेग काढण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी होती. तीत सरासरी वेगच कळे. चालकास स्वतःचा तात्कालिक वेग दाखविणारे उपकरण ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये जर्मनीत तयार केले. त्यात चाकांच्या गतीबरोबर फिरणारा चुंबक ॲल्युमिनियमाच्या वाटीत आवर्त विद्युत् प्रवाह निर्माण करतो. वाटी त्याच्यामागे ओढली जाते, केसासारखी स्प्रिंग तिला रोखते आणि वेगाच्या प्रमाणात काटा वळतो.

वेग दुप्पट झाला म्हणजे धोकाही दुप्पट होतो, ही समजूत चुकीची आहे. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेतील आकड्यांनुसार ताशी ३० मैलांवर धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत गाडी ३० फुट व त्यानंतर थांबेपर्यंत ४५ फुट जाते. ६० मैलांवर हेच आकडे अनुक्रमे ६० व १८० फुट होतात. पहिला भाग वेगाच्या व दुसरा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एकूण अंतर ७५ वरून २४० फुट होते. सरासरी काढतानाही अशीच फसगत होते. ६० मैल ताशी ६० मैलांनी जाऊन ताशी ३० मैलांनी परतणाऱ्याची सरासरी ४५ नसून ४० मैल असते. कारण मंद वेगाच्या प्रवासात त्याचा दुप्पट वेळ जातो.

सद्यःस्थिती : भारतात १९५६ च्या वजने-मापे कायद्याने मेट्रिक पद्धतीचा स्वीकार झाला व ‘ताशी मैल’च्या जागी ‘ताशी किलोमीटर’ आले, मराठीतील ‘ताशी’ हे क्रियाविशेषण मात्र जसेच्या तसे उपयोगी पडले. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये, कॅनडाने १९७७ मध्ये व आयर्लंडने २००५ मध्ये रस्त्यांवरील मर्यादाफलक बदलले. ब्रिटनमध्ये १९७३ पर्यंत हा बदल करावयाचा होता. तो १९७० मध्ये लांबणीवर टाकण्यात आला आणि पुढे झालाच नाही. अमेरिकेतही मैलच चालू आहे. मेट्रिक देशांतही क्रीडाक्षेत्रात या एककाची शंभरी टिकून आहे : २२ फेब्रुवारी २००३ रोजी केपटाउन येथे पाकिस्तानच्या शोएब अख्तरने टाकलेल्या चेंडूचा वेग ताशी १६१·३ किमी. नोंदला गेला, परंतु गाजला तो ताशी १०० मैलांची सीमा ओलांडल्यामुळे.