वृषपर्व्यातला एक तारा आणि विश्वाची मोजपट्टी

लंबनाने ताऱ्याचं अंतर मोजता येतं, पण ते जवळच्या ताऱ्यांपुरतंच. मग त्यापलीकडे माणूस कसा पोचला, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात होते. १७८४ साली जॉन गुडरिक हा वीस वर्षांचा, लहानपणीच बहिरा झालेला तरुण वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा तारा रोज रात्री शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहत होता. त्याच्या लक्षात आलं, की तारा साधारण दीड दिवसात उजळतो, मग चारेक दिवस हळूहळू मंदावतो. पाच दिवस आणि पावणेनऊ तासांनी पुन्हा तेच. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, गुडरिक वारला.

हा तारा असं का करतो? पुढे बरीच वर्षं समजूत होती, की हे दोन ताऱ्यांचं जोडपं असावं. १९१४ मध्ये हार्लो शॅपलीने दाखवलं, की तसं मानलं तर दुसऱ्या ताऱ्याची कक्षा पहिल्याच्या पोटातच येते! म्हणजे जोडपं नाही. एकच तारा फुगतो आणि आकसतो. उकळत्या भातावरचं झाकण आठवा. वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ निसटते, झाकण खाली येतं. ताऱ्यात हे झाकणाचं काम हेलियमचा थर करतो. दाबला गेला की तो उष्णता अडवतो आणि बाहेर ढकलला जातो. पसरून थंड झाला की उष्णता सोडून देतो आणि पुन्हा आत येतो.

आता हार्वर्ड वेधशाळेत चला. तिथे तासाला तीस सेंट मजुरीवर हेन्रिएटा लेविट छायाचित्रांच्या काचा तपासत होत्या. त्यांनाही ऐकू कमी येत असे. मॅगेलनी मेघांमधले १,७७७ रूपविकारी तारे त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. दूरच्या डोंगरावरच्या वाडीतले दिवे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे जो जास्त उजळ दिसतो तो खरोखरच उजळ असतो. मेघातल्या ताऱ्यांचंही तसंच. १९१२ मध्ये लघु मेघातल्या २५ ताऱ्यांवरून नियम पक्का झाला: आवर्तकाल जितका मोठा, तितका तारा तेजस्वी. म्हणजे ठोका मोजा, खरं तेज कळेल. दिसणाऱ्या तेजाशी ताडा, अंतर कळेल. त्या पत्रकाखाली सही मात्र संचालक पिकरिंग यांची होती. काम लेविटबाईंचं आहे, एवढं त्यात नमूद होतं.

१९२३ च्या ऑक्टोबरात एडविन हबलला देवयानीत असाच तारा सापडला. आवर्तकाल सुमारे ३१ दिवस, अंतर निघालं जवळपास नऊ लाख प्रकाशवर्षं. देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची, हे ठरलं. पुढे १९५२ मध्ये वाल्टर बाडे यांनी सांगितलं, की असे तारे दोन जातींचे आहेत आणि आपण गल्लत केली आहे. अंतरं एकदम दुप्पट झाली! आजचा आकडा सुमारे २५ लाख.

पण लेविटबाई १९२१ मध्येच गेल्या होत्या. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवावं म्हणून पत्र लिहिलं, तेव्हा त्या हयात नाहीत हे त्याला ठाऊकच नव्हतं. पुस्तकांत हबलचं नाव ठळक असतं. आम्हाला वाटतं, मोजपट्टी कोणी दिली हेही त्याच दमात सांगायला हवं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला शर्मिष्ठेशेजारी हा डेल्टा तारा दिसतो. आठवडाभर रोज पाहा, शेजाऱ्यांशी ताडा आणि वहीत लिहा. गुडरिककडेही फारसं वेगळं साधन नव्हतं.