‘बस’ : एका प्रत्ययाचे चरित्र

विभक्तिप्रत्यय पाठ करून काय साधते, असा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे उत्तर ते ज्या वाहनाने शाळेत येतात, त्याच्या नावातच आहे.

लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे ‘सर्व’. त्याचे चतुर्थीचे अनेकवचन ‘ओम्निबुस’, अर्थात ‘सर्वांसाठी’. तिन्ही लिंगांत हेच रूप चालते, आणि पंचमीतही तेच. संस्कृतज्ञांस येथे ‘भ्यः’ या प्रत्ययाचे स्मरण होईल. तोही चतुर्थी व पंचमी या दोहोंच्या अनेकवचनांत येतो. ‘पितृभ्यः’ आणि लॅटिन ‘पत्रिबुस’ ही रूपे शेजारी ठेवली, की दोन्ही प्रत्ययांचे गोत्र एकच, हे सहज पटते.

फ्रान्समधील नांत शहरात १८२६ साली स्तानिस्लास बोद्री याने ठरावीक मार्गावर घोडागाड्या सुरू केल्या. भाडे देईल त्या कोणासही त्यांत बसता येई; त्यांस ‘ओम्निबुस’ हे नाव मिळाले. १८२८ मध्ये हे वाहन पॅरिसला आणि १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीअर याच्यामुळे लंडनला पोहोचले. शब्द संक्षिप्त होताना सामान्यतः प्रकृती राहते व प्रत्यय गळतो. इंग्रजीत येथे उलट घडले : ‘सर्व’ हा अर्थ वाहणारी प्रकृती गळाली आणि केवळ प्रत्यय उरला.

मराठीने त्या प्रत्ययालाच नाम मानून स्त्रीलिंग दिले. ‘बसला उशीर झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा चतुर्थीच्या प्रत्ययाला पुन्हा चतुर्थीचाच ‘ला’ लागतो! विभक्तीचा पाठ आपण कोष्टकापासून न आरंभता या एका शब्दापासून आरंभावा, एवढीच शिक्षकबंधूंस विनंती.