धातूंच्या पंक्तीला कीं अधातूंच्या?

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत रामदासी संप्रदायाचीं जुनीं बाडें जपून ठेविलेलीं आहेत. हस्तलिखितांच्या त्या काळीं नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर चुकलें म्हणजे तो त्यावर हरताळ फाशी आणि वाळलेल्या पिवळ्या पट्ट्यावर शुद्ध अक्षर लिही. ‘केल्या कामावर हरताळ फासला’ हा वाक्प्रचार तेथूनच निघाला. (दुकानें बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो ‘हाट’ आणि ‘ताळें’ यांच्या घरचा.)

हा हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचें संयुग. मनशीळ ही त्याची तांबडी बहीण आणि सोमल हें आर्सेनिकचें ऑक्साइड, जहाल विष. आर्सेनिक या नांवाचें मूळही हरताळांतच आहे. फारशीतील ‘जर्नीख’ म्हणजे हरताळ. तोच शब्द ग्रीकांच्या तोंडीं बदलून यूरोपभर गेला.

या आर्सेनिकास बसवावें कोणत्या पंक्तीला, हा प्रश्न रसायनशास्त्रास फार दिवस छळीत होता. धातु चकाकतो, ठोकला तर त्याचा पत्रा होतो, त्यांतून वीज सहज वाहते. शुद्ध आर्सेनिकचा खडा पोलादासारखा करडा चमकतो, त्यांतून वीजही जाते; पण हातोडा बसतांच त्याचा चुरा होतो, आणि त्याचें ऑक्साइड अधातूंच्या ऑक्साइडांप्रमाणें आम्लधर्मी असतें. धातूंच्या पंक्तीला पान मांडावें तर अंगीं चिवटपणा नाहीं; अधातूंत ढकलावें तर अंगावरची झळाळी आड येते.

आपल्याकडील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथांत सोनें, रुपें, तांबें यांस ‘लोह’ म्हटलें असून हरताळ, मनशीळ व अंजन यांना ‘उपरस’ या वेगळ्या वर्गांत घातलें आहे. परंतु त्याच वर्गांत गंधक, गेरू आणि फटकीही आहेत. तेव्हां हा वर्ग पाऱ्याच्या संस्कारांतील उपयोगावरून पाडलेला आहे. आधुनिक वर्गीकरणाचें बीज त्यांत शोधणें हा निव्वळ अभिमान होय.

यूरोपांतही घोटाळा कमी नव्हता. लाव्हाझिए यानें १७८९ सालच्या आपल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादींत आर्सेनिक व अँटिमनी यांस बिनदिक्कत धातूंत बसविलें. १८११ मध्यें बर्झेलियस यानें ‘मेटॅलॉइड’, म्हणजे धातूसारखें, हा शब्द सर्व अधातूंसाठीं रूढ केला! गंधकासारख्या पदार्थासही धातुसदृश म्हणावें, ही गंमत विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली.

मेंडेलेयेव्ह यानें १८६९ मध्यें आवर्त सारणी मांडली, तेव्हां हा प्रश्न पुष्कळसा सुटला. सारणींत धातु एका बाजूस आणि अधातु दुसऱ्या बाजूस असे गोळा होतात. त्यांच्या मध्यें बोरॉनपासून खालीं तिरपी उतरणारी पायऱ्यांची रेघ दिसते. तिच्या कडेनें बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी व टेल्युरियम हीं सहा मूलद्रव्यें उभीं आहेत, तींच धातुसदृश. सेलेनियमबद्दल अजूनही मतभेद आहेतच. त्या रेघेवर सिलिकॉनच्या खालचें घर तेव्हां रिकामें होतें. १८७१ मध्यें मेंडेलेयेव्हनें तेथें ७२ अणुभाराचें मूलद्रव्य सांपडेल असें भाकीत केलें आणि संस्कृत संख्यावाचक घेऊन त्याचें नांव ‘एक-सिलिकॉन’ ठेविलें. १८८६ मध्यें विंक्लर यास जर्मेनियम सांपडलें. त्याचा अणुभार सुमारें ७२.६.

आवर्त सारणीच्याच वर्षीं, १८६९ मध्यें, मुंबईंत जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला. या दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचाच. पण छापखान्याच्या खिळ्यांत एक धातुसदृश होतेंच. नुसतें शिसें मऊ. दाबाखालीं अक्षराची धार टिकत नाहीं. त्यांत कथील व अँटिमनी मिसळलें म्हणजे खिळा कठीण होतो. शिवाय अँटिमनी थिजतांना किंचित् फुगत असल्यानें सांचाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत रस भरतो आणि वेलांटी-उकारांचीं टोंकें रेखीव उतरतात. जो ठिसूळपणा धातु म्हणून दोष, तोच येथें कामीं आला. आर्सेनिकनें मराठी अक्षर पुसलें, तर त्याच्या खालच्या घरांतील अँटिमनीनें तें उठविलें.

तिसरा अध्याय धुळ्यापासून जवळच्याच अमळनेरशीं जोडलेला आहे. मोहम्मद हाशम प्रेमजी यांची कंपनी २९ डिसेंबर १९४५ रोजीं स्थापन झाली, ती अमळनेरास वनस्पति तूप करण्यासाठीं. पुढें दोन वर्षांनीं, डिसेंबर १९४७ मध्यें, अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रँझिस्टर चालवून दाखविला. तांबें तापविलें तर त्याची वीज वाहण्याची शक्ति घटते. जर्मेनियम व सिलिकॉन यांची वाढते. ना पुरते वाहक, ना पुरते रोधक, म्हणूनच त्यांतील प्रवाह हवा तसा आंवरतां व सोडतां येतो. तुपासाठीं निघालेली ती अमळनेरची कंपनी १९८० नंतरच्या दशकांत संगणकांकडे वळली. तीच आजची विप्रो.

संगणकाचें काम सिलिकॉनवर चालतें. खानदेशच्या काळ्या कापसाच्या जमिनींतही सिलिकॉन विपुल आहे, मात्र ऑक्सिजनशीं जखडलेलें. तें गारेपासून काढून अतिशय शुद्ध करतात, आणि मग मुद्दाम त्यांत अत्यल्प भेसळ करतात: कोठें बोरॉन, जें सोनाराच्या टांकणखारांत असतें, आणि कोठें पोथीवरच्या हरताळांतलें आर्सेनिक.