ओसरी, माजघर आणि मोजणीदार

लिंबागणेशला आमच्या जुन्या घरी अनोळखी माणूस आला, तर ओसरीवर त्याला चहापाणी मिळे. माजघर मात्र त्याच्या दृष्टीस पडत नसे. वाचकहो, संगणकातही अशीच मांडणी असते. आपले प्रोग्राम ओसरीवर चालतात. माजघरात असतो कर्नल, साऱ्या यंत्राचा कारभारी. लिनक्सचा कर्नल तर तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. त्याची मेमरीतली जागा ठाऊक झाली, तर घुसखोराचे निम्मे काम होते. म्हणून यंत्र सुरू होताना ही जागा दर वेळी बदलण्याची सोय लिनक्समध्ये 2014 साली आली.

आता प्रोसेसरच्या पोटात काही मोजणीयंत्रे असतात. किती आज्ञा पार पडल्या, किती वेळ गेला, हे ती मोजतात. ठरावीक आकडा भरला की काम त्या घटकेला कोठे चालले आहे, याची नोंद होते. प्रोग्राम संथ का चालतो हे शोधणाऱ्याला ही नोंद म्हणजे वैद्याला नाडी! लिनक्समध्ये ही सोय 2009 साली आली. पुढे साधा वापरकर्ताही कर्नलची नाडी पाहू शकतो हे खटकू लागले, आणि 2016 साली 4.6 या आवृत्तीत ठरले की त्याने ओसरीपुरतेच मोजावे.

पण खरी मेख पुढेच आहे. आकडा भरणे आणि नोंद होणे यांत किंचित वेळ जातो. तेवढ्यात प्रोग्रामने उंबरठा ओलांडला, तर वहीत उमटतो तो कर्नलचा पत्ता. मोजणीदार ओसरीवरच बसलेला, आणि त्याच्या वहीत माजघर!

अशा नोंदी टाकूनच द्याव्यात, अशी दुरुस्ती 2017 साली झाली. सरळ उपाय, नाही का? पण आरआर नावाचे एक साधन आहे. प्रोग्रामची चाल टिपून ठेवायची आणि चूक सापडेपर्यंत तीच पुन्हा चालवून दाखवायची, हे त्याचे काम. नोंदीत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आकडा भरल्याची घंटा तेवढी त्याला हवी होती. नोंद टाकली, तिच्याबरोबर घंटाही गेली, आणि आरआरचे काम बिघडले. दुरुस्ती त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. कोणी याला माघार म्हणेल. मला तरी त्यात शहाणपण दिसते. ओल येते म्हणून भिंत लिंपताना मोरी बुजवली, तर घरातल्यांनी करावे काय?

अडचण आणखी एक होती. कर्नलची नाडी पाहणे ज्याचे रीतसर काम, त्यालाही त्यासाठी जवळजवळ साऱ्या यंत्राचा अधिकार द्यावा लागे. वैद्याला बोलवायचे आणि तिजोरीची किल्लीही त्याच्याच हाती ठेवायची, असा तो प्रकार. 2020 साली 5.8 या आवृत्तीत मोजणीपुरता वेगळा परवाना निघाला.